‘एन्झाइमची कमतरता’ की ‘अभाव’?

मृण्मयी (कोथरूड): इथल्या एका बालरोगतज्ज्ञांसाठी पालकांचं पत्रक मराठीत करतेय. आजार एडीए, म्हणजे अडेनोसीन डीअमायनेज या एन्झाइमचा; ते नसलं की बाळाला प्रतिकारशक्तीच उरत नाही. ‘विकराची कमतरता’ लिहिलं तर चालेल ना? शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला विकरच म्हटलंय.

पेठकर: दोन्ही बदला, ताई. ‘विकर’चा छपाईत ‘विकार’ होतो आणि वाक्य तरीही बरोबर वाटतं, मुद्रितशोधकाच्या हाती लागतच नाही. सरळ एन्झाइम लिहा. आणि लोहाची, बी-१२ची असते ती कमतरता. तो शब्द वाचला की आई विचारणार, “मग बाळाला काय देऊ खायला?” इथे जनुकातच खोट आहे. ‘जन्मजात अभाव’ म्हणा.

सूक्ष्मदर्शी: अभाव ठीक, पण तेवढ्यावर सोडू नका. पेशी मरतात त्या साठलेल्या विषानं. मोरीची जाळी तुंबावी तसं. एडीए नसलं की डीऑक्सीअडेनोसीन या डीएनए मोडताना सुटणाऱ्या द्रव्याची विल्हेवाट लागत नाही, पेशीत त्याचं डीएटीपी हे दुसरं द्रव्य होऊन साचतं आणि डीएनएसाठी लागणारा कच्चा मालच बनेनासा होतो. यौवनलोपी ग्रंथीत, म्हणजे छातीतल्या थायमसमध्ये, टी-पेशी या रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी भराभर विभागत असतात, त्यांना हा दणका सर्वांत जोरात बसतो. त्यांच्या जोडीच्या बी आणि एनके पेशीही वाचत नाहीत. १९७२मध्ये अमेरिकी संशोधक एलोइज गिब्लेट यांना प्रतिकारशक्ती नसलेल्या दोन मुलींच्या रक्तात हे एन्झाइम सापडलंच नाही, तिथून हा धागा लागला. पीएनपी नावाचं विल्हेवाटीच्या त्याच साखळीतलं दुसरं एन्झाइम नसेल तर मात्र मार मुख्यतः टी-पेशींवर.

मृण्मयी: यौवनलोपी! पालक घाबरतील हो.

सूक्ष्मदर्शी: शब्द चोख आहे, वयात आल्यावर ती ग्रंथी आक्रसतेच. पण पत्रकात थायमस लिहा.

पेठकर: बीसीजी विसरू नका. जिवंत जंतूंची लस आहे, प्रतिकारशक्ती नसलेल्या बाळाला तिचाच संसर्ग होऊ शकतो. घरात आधीचं मूल तान्हेपणी वारंवार जंतुसंसर्ग होऊन दगावलं असेल, तर नव्या बाळाला टोचण्याआधी डॉक्टरांना सांगायचं. हे ठळक अक्षरात.

सूक्ष्मदर्शी: आणि पेठकर, खाऊन भरून निघत नसलं तरी टोचून निघतं बरं का. एन्झाइमचं इंजेक्शन १९९०पासून आहे. शिवाय अस्थिमज्जा प्रत्यारोपण. जनुकोपचाराचा पहिला मान्यताप्राप्त प्रयोगही याच आजारावर, सप्टेंबर १९९०मध्ये, चार वर्षांच्या मुलीवर झाला.

मृण्मयी: मग असं लिहिते: “बाळाच्या शरीरात एडीए हे एन्झाइम जन्मापासून तयार होत नाही. त्यामुळे साठणाऱ्या द्रव्यानं रोगाशी लढणाऱ्या पेशी वाढण्याआधीच मरतात. आहारानं हे बरं होत नाही, उपचार आहेत.”

पेठकर: ‘द्रव्यानं’ ऐवजी ‘विषारी द्रव्यामुळे’. बाकी छापा.