मुलींमधील एडीएचडीची (लक्ष न टिकणे व अतिचंचलता या विकाराची) आकडेवारी कुठे मिळेल?

प्रश्न : माझी नऊ वर्षांची भाची फळ्यावरचे गणित उतरवताना मधली एक ओळ हमखास गाळते, बाई मात्र ‘गुणी आहे, जरा वेंधळी आहे’ एवढेच म्हणतात. महाराष्ट्रात अशा किती मुलींचे निदान झाले आहे, याची सरकारी नोंद मिळेल का?

उत्तर १ : अवघड आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्ये होती, त्यांत महाराष्ट्र नव्हता. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडी नाही. त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्रांवरूनही हा आकडा काढता येत नाही.

उत्तर २ : दवाखान्यांतील आकडेही जपून वापरावेत. बाक वाजवणाऱ्या मुलाला डॉक्टरांकडे नेले जाते, गप्प बसून हरवलेल्या मुलीला सहसा नेले जात नाही, आणि मग त्याच नोंदींवरून हा मुलांचाच विकार ठरतो (गंमत म्हणावी की काय!). २०१३ मध्ये अमेरिकी निकषांत लक्षणे सुरू होण्याची वयोमर्यादा ७ वरून १२ वर्षे झाली, ती अशा मुलींसाठी महत्त्वाची आहे.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. आता आकडे शोधण्याआधी भाचीच्या वह्याच बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवते.