फिगरहेडला मराठीत काय म्हणायचं?

मी ट्रिंकोमाली जहाजाचं १:६४ मॉडेल करतोय, आपल्या मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेलं सागवानी जहाज, १८१७ साली पाण्यात उतरलं, आता इंग्लंडात हार्टलपूलला म्युझियम म्हणून उभं आहे. पुढच्या टोकाला पागोटेवाल्या माणसाची लाकडी मूर्ती आहे, तेच फिगरहेड, ती कोरायला घेतलीय आणि सोबत मराठीत टिपणं काढतोय. डिक्शनरीत फिगरहेड म्हणजे 'नामधारी प्रमुख', आता काय सहीपुरता चेअरमन बसवू का जहाजावर?

--
जहाजाच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात, म्हणून 'नाळेवरची मूर्ती'. 'अग्रशिल्प' वगैरे कृपया नको, वाचणारा तिथेच पळून जाईल.

--
अहो पण नाळ म्हटलं की बाळाची आठवते ना!

--
आठवू दे की. आधी एकदा 'गलबताची नाळ' लिहायचं, पुढे नुसतं नाळ चालतं. आणि मागच्या खिडक्यांभोवती जे फळीतून वर आलेलं असतं ते उठावाचं काम, कडेच्या लांब पट्टीला आमचे सुतार गलता म्हणतात. मूर्ती चहूबाजूंनी सुटी, तिला नक्षी म्हणू नये असं मला वाटतं.

--
धन्यवाद, गलता लगेच उचलला. कोरायला वापरतात त्या बॉक्सवुड लाकडाला काय म्हणायचं, एका ठिकाणी चक्क 'खोक्याचं लाकूड' वाचलं.

--
खोक्याचा काही संबंध नाही हो, बॉक्स हे झाडाचंच नाव आहे! बॉक्सवुडच लिहा. इथे त्याच्याऐवजी हेदू चालतो, हळदू पण म्हणतात, पिवळसर आणि बारीक रेषेचा. खरं जहाज सागाचं म्हणून मूर्तीही सागाची करायला जाऊ नका, समजा मूळ मूर्ती दोन मीटरची धरली तर तुमची तीन सेंटीमीटरच्या जरा वर, चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा, त्यात सागाचं एखादं छिद्र नेमकं डोळ्यावर आलं की माणूस काणा दिसतो. पागोट्याचे पीळ लाकडाच्या रेषेला आडवे जातात तिथे पटाशी लावली की टवका उडतो, तिथे बारीक कानस किंवा डेंटिस्टचा जुना बर, म्हणजे दात कोरायचं फिरतं टोक, घ्या.

--
पागोटं म्हणायचं की फेटा?

--
फोटोत शेमला, म्हणजे फेट्याचं सोडलेलं टोक, लोंबतोय का बघा, नसेल तर पागोटंच राहू द्या.