'ड्युअल स्टॅक' म्हणजे दुभाषी?

धरमपेठकर: आमच्या विभागाच्या लॅबमध्ये आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटवर यंत्रांना पत्ते देणाऱ्या प्रोटोकॉलची (नियमसंचाची) पुढची आवृत्ती, लावून पाहतोय. आधीचं आयपीव्ही४ बंद करायचं नाही, दोन्ही सोबत चालवायचे. खरेदीच्या मराठी टिपणात या 'ड्युअल स्टॅक'ला कुणीतरी 'दुभाषी जाळे' लिहिलंय. मला खटकतं. शिवाय आयपीव्ही४कडून आयपीव्ही६कडे जाण्याच्या 'ट्रान्झिशन'साठी 'संक्रमण' चालेल का?

महालकर: खटकायलाच हवं. दुभाषी म्हणजे दोघांच्या मध्ये उभा राहून एकाचं दुसऱ्याला सांगणारा. ड्युअल स्टॅकमध्ये असा मधला कुणी नसतोच. संगणकाकडे आयपीव्ही४चा ३२ बिटांचा पत्ता असतो आणि आयपीव्ही६चा १२८ बिटांचाही. डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, समोरच्याची 'एएएए' नोंद (आयपीव्ही६चा पत्ता) सापडली तर तो बहुधा आयपीव्ही६ने जातो, नुसती 'ए' (आयपीव्ही४चा पत्ता) सापडली तर आयपीव्ही४ने. सीताबर्डीचा दुकानदार गिऱ्हाईक पाहून मराठी नाहीतर हिंदी बोलतो, तसंच. हा झाला द्विभाषिक. खरा दुभाषी नॅट६४. ज्या यंत्राकडे फक्त आयपीव्ही६ आहे त्याचं म्हणणं तो आयपीव्ही४वाल्या सर्व्हरपर्यंत पोचवतो, आणि त्याच्या जोडीला आयपीव्ही४च्या पत्त्यावरून आयपीव्ही६चा पत्ता बनवून देणारं डीएनएस६४ लागतं. तो शब्द तिथे वापरा.

सक्करदरा: काहून एवढा त्रास करून राहिले भाऊ? पोरं ड्युअल स्टॅकच म्हणतात. 'द्विभाषिक जाळे' लिहाल तर मराठी विभागाचा कार्यक्रम वाटेल.

धरमपेठकर: पोरांना कळतं हो. पण लेखा विभागातून विचारणा आली, 'दुभाषी यंत्र वेगळं घ्यायचं आहे का? किंमत दिसत नाही.' टिपण वाचून हाच प्रश्न पडणार, त्यांचं काय चुकलं?

महालकर: बघा! आता 'संक्रमण'. तो शब्द मुळात चांगला, मकरसंक्रमणातला. पण कोविडनंतर 'नेटवर्कमध्ये संक्रमण सुरू' असं वाचलं की लोक आधी व्हायरस शोधतील. 'स्थलांतर'ही नको, कारण जुनी जागा सोडलेली नाही. साधं 'बदल' लिहा. 'टनेल'ला 'बोगदा' मात्र बिनधास्त चालेल. आयपीव्ही६चं अख्खं पॅकेट (माहितीचं पाकीट) आयपीव्ही४च्या पॅकेटमध्ये घालून पलीकडे काढतात, शब्द नेमका बसतो. आणि 'प्रोटोकॉल'ला कुणी 'राजशिष्टाचार' सुचवला तर हात जोडा. तो मंत्रालयात राहू द्या.

सक्करदरा: एक शंका. टिपणात 'नवीन प्रोटोकॉल' लिहिलंय का? त्याचं पहिलं विनिर्देशन १९९५चं, सुधारित १९९८चं. यंदाच्या फर्स्ट इयरच्या पोरांपेक्षा वयानं मोठा आहे तो. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले आयपीव्ही४चे पत्ते फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपले, अन् आपण आत्ता 'प्रयोग' करून राहिलो!

धरमपेठकर: 'नवीन' खोडलं. आता वाक्य असं केलंय: 'ड्युअल स्टॅक, म्हणजे प्रत्येक यंत्राला आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ असे दोन्ही पत्ते, मध्ये भाषांतर करणारे यंत्र नाही.'

महालकर: 'सबब वेगळी खरेदी नाही' हेही जोडा. लेखा विभागाला तेवढंच हवं असतं.