एअर पिस्तूलची ग्रिप घरी घासली तर चालेल का?

सोलापूरहून विचारतोय, मुलगी १० मीटर एअर पिस्तूल खेळते, लाकडी ग्रिप तिच्या हाताला मोठी पडते अन् इथल्या उन्हाळ्यात घामाने निसटते पण. घरी काय करता येईल का?

– येतं की दादा. ग्रिप काढून घ्या, वूड पुट्टी लावा, तिला मूठ आवळू द्या, वाळलं की पॉलिश पेपर मारा, घाई करू नका. मनगट मोकळं पाहिजे आणि आख्खं पिस्तूल मॅचच्या तपासणीच्या ४२० × २०० × ५० मिमीच्या बॉक्समध्ये बसायला हवं.

– ट्रिगरला हात लावू नका, तो ओढायला लागणारं वजन ५०० ग्रॅमच्या खाली गेलं तर पिस्तूल मॅचला पास होत नाही.

– लायसनच्या पिस्तुलावर असलं काही नको हं, १९५९ च्या आर्म्स ॲक्टप्रमाणे दुरुस्ती परवानाधारकाकडेच.