मदत हवी आहे: कासव सोडवताना कापलेल्या जाळ्याची भरपाई

नमस्कार. मालवण तालुक्यात माझ्या काकांची लहान होडी आहे. यंदा पौषात एका पहाटे त्यांच्या जाळ्यात ऑलिव्ह रिडले कासव गुरफटले. कासवाला श्वासासाठी पाण्यावर यावे लागते आणि जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिले तर ते गुदमरून मरते, म्हणून गाठी सोडवत न बसता काकांनी सुरीने जाळेच कापले. कासव जिवंत गेले. जाळ्याचा मोठा भाग मात्र निकामी झाला.

हे कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. अशा संरक्षित जलचराला सोडवण्यासाठी जाळे कापावे लागल्यास मच्छीमाराला जास्तीत जास्त २५,००० रुपये भरपाई देण्याची योजना राज्यात डिसेंबर २०१८ पासून आहे, आणि ती वन विभागाचा कांदळवन कक्ष व मत्स्यव्यवसाय विभाग मिळून राबवतात. ही योजना मला मनापासून मोलाची वाटते, कारण ज्याचे पोट त्या जाळ्यावर आहे त्याने क्षणात निर्णय घ्यायचा असतो, आणि पुढच्या वेळी तो काय करील हे बरेचसे या भरपाईवर ठरते.

आमची अडचण कागदपत्रांची आहे. चुलतभावाने मोबाइलवर दोन छायाचित्रे काढली: एकात कासव जाळ्यात अडकलेले स्पष्ट दिसते, दुसऱ्यात किनाऱ्यावर आणलेले कापलेले जाळे आहे, परंतु कासव पाण्यात सोडतानाचे छायाचित्र नाही, कारण तेव्हा दोघांचेही हात गुंतले होते. शिवाय होडीची नोंदणी अजून माझ्या दिवंगत आजोबांच्या नावावर आहे आणि जाळे खरेदीची पावती सापडत नाही. एका कार्यालयात चौकशी केली असता दुसरीकडे जाण्यास सांगण्यात आले, आणि तिथून पुन्हा पहिल्याच ठिकाणी पाठवले गेले.

ज्यांनी अशी भरपाई प्रत्यक्ष मिळवली आहे त्यांनी कृपया सांगावे, की अर्ज नेमका कोणाकडे दिला, पावतीऐवजी मच्छीमार सहकारी संस्थेचा दाखला चालला का, आणि होडी वारसांच्या नावावर होईपर्यंत थांबावे लागते का. आणखी एक गोष्ट तातडीची आहे. पाहणीला कोणी येईल या आशेने कापलेले जाळे आम्ही बोयांसकट (जाळ्याला बांधलेल्या तरंगत्या गोळ्यांसकट) खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, तसेच ठेवले आहे, आणि १ जूनला मासेमारी बंद होण्यापूर्वी काकांना ते पुन्हा पाण्यात घालायचे आहे. ते आता दुरुस्तीला घेतले तर दावा बाद होईल का?