‘कमांड नॉट फाउंड’ आलं की लगेच गूगल? नवशिक्यांना भलतं वळण लावू नका

डेबियनदास
परवा इथे एकाने नवशिक्यांसाठी लिनक्सची ओळख लिहिली. लेख बरा होता, पण त्यातली एक ओळ दोन दिवस डोक्यातून जाईना: ‘कमांड सापडली नाही तर तिचंच नाव ॲप्ट इन्स्टॉलपुढे टाका, नाही जमलं तर गूगल करा आणि पहिलं उत्तर चिकटवा.’

टाका की मग. ॲप्ट म्हणजे डेबियन-उबुंटूवर पॅकेज बसवणारा प्रोग्राम, पण कमांडचं नाव आणि ती ज्या पॅकेजात येते त्याचं नाव एकच असेल असं नाही. ‘डिग’ (डोमेनचा पत्ता शोधणारी कमांड) हवंय? डेबियनवर ते आधी डीएनएसयुटिल्समध्ये होतं, डेबियन 11 पासून बाइंड9-डीएनएसयुटिल्समध्ये आहे. रेडहॅटवाल्यांकडे बाइंड-युटिल्स, आर्चवर नुसतं बाइंड. ‘पीएस’ प्रॉकप्समध्ये, ‘किलऑल’ पीएसमिस्कमध्ये, ‘एचटीपासडब्ल्यूडी’ अपाचे2-युटिल्समध्ये. आणि ‘एनव्हीसबस्ट’ गेटटेक्स्ट-बेसमध्ये, म्हणजे भाषांतराच्या सामानात! हे अंदाजाने कोण ओळखणार? गूगलवरचं पहिलं उत्तर निम्म्या वेळा भलत्याच डिस्ट्रोचं (लिनक्सच्या दुसऱ्याच प्रकाराचं) असतं, उरलेल्या वेळा दहा वर्षं जुनं.

कुठली फाइल कुठल्या पॅकेजात हे सांगणारं ॲप्ट-फाइल एकदा टाका, अपडेट करा आणि ‘बिन/डिग’ असं शोधा. त्याच कामाला फेडोरावर डीएनएफ प्रोव्हाइड्स आहे. आर्चवर पॅकमन -एफ 2016 पासून आहे. अल्पाइनवर एपीके सर्चला ‘सीएमडी:डिग’ दिलं की झालं. फक्त डीपीकेजी -एस वापरून ‘मिळालं नाही’ म्हणून रडत येऊ नका. ते आपल्या घरात काय आहे तेवढंच सांगतं. गावातली जमीन कुणाच्या नावावर आहे हे बघायचं तर सातबारा काढावा लागतो, तो ॲप्ट-फाइल काढून देतं.

निशाचर
तो ‘एकाने’ म्हणजे मी. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं, दास.

ॲप्ट-फाइलला नुसतं ‘पायथन’ विचारून बघितलंय कधी? स्क्रीन थांबता थांबत नाही. नावात कुठेही ती अक्षरं असली की ओळ हजर. तुमचं ‘बिन/डिग’सुद्धा डिगपासून सुरू होणारं सगळं गोळा करतं. नेमकं हवं तर रेगेक्स (शोधाचा नेमका साचा) लावा, शेवटी डॉलर टाका. हे नवशिक्याला पहिल्या दिवशी शिकवायचं? शिवाय ॲप्ट-फाइल मुळात मशीनवर नसतंच. पॅकेज शोधायला आधी पॅकेज टाका, मग इंडेक्स (कुठल्या पॅकेजात कुठल्या फाइल त्याची यादी) उतरवा. पाच मिनिटं जगणाऱ्या कंटेनरमध्ये (तात्पुरत्या, बंदिस्त लिनक्समध्ये) ‘पीएस’ हवं असेल तर मी सातबारा काढत बसू?

आणि उबुंटूवर शेल (आपण कमांड टाइप करतो तो प्रोग्राम) स्वतःच सांगतं की हे अमुक पॅकेजात आहे. मग वाद कसला?

सर्व्हररूम
शेल जे सांगतं त्यात स्नॅपही (उबुंटूच्या स्नॅप दुकानातलं पॅकेज) असतो, हे विसरलात. 2024 मध्ये सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिलं की रिकामं नाव बघून कुणीही त्या नावाने स्नॅप टाकू शकतो, आणि मग उबुंटूचं तेच सुचवणं त्या स्नॅपकडे बोट दाखवू शकतं. नवशिक्या काय करणार? जे सुचवलंय ते डोळे झाकून चिकटवणार. तुम्हीच शिकवलंय ना चिकटवायला.

निशाचर
बरं. स्नॅपचा मुद्दा मान्य. पुढे?

चावडीवरचा पेंग्विन
पुढं माझं ऐका. दास, तुमचा सातबारा बरोबर असला तरी जमीन भलतीच निघू शकते.

डेबियनवर ‘एमकेपासडब्ल्यूडी’ मिळतं हूइज पॅकेजात. होय, डोमेनची माहिती काढणाऱ्या हूइजमध्येच. ते पासवर्ड विचारतं आणि हॅश (पासवर्डचं उलगडता न येणारं रूप) देतं. एका क्लायंटकडं रेडहॅट 7 होतं, रात्रीचे दोन वाजलेले, कमांड नाही. यमला (रेडहॅटचं ॲप्ट म्हणा) विचारलं, त्यानं सांगितलं एक्सपेक्ट पॅकेज. टाकलं. चालवलं तर न विचारताच नऊ अक्षरं छापली. झोपेत वाटलं, नवीन आवृत्ती असेल. तेच, पासवर्डचे हॅश जिथं असतात त्या शॅडो फाइलमध्ये, हॅशच्या जागी चिकटवलं. सकाळी कुणालाच लॉगिन होईना! एक्सपेक्टवालं एमकेपासडब्ल्यूडी म्हणजे वेगळाच प्रोग्राम. ते रँडम पासवर्ड बनवून देतं, हॅशशी त्याचा संबंध नाही. यम खोटं बोललं नव्हतं. पण त्या रात्री गूगल केलं असतं तर पहिल्याच उत्तरात हा फरक कळला असता, आणि मॅनेजरसमोर खाली मान घालून उभं राहावं लागलं नसतं.

डेबियनदास
मॅन पेज (कमांडचं माहितीपान) वाचलं असतं तरी कळलं असतं.

चावडीवरचा पेंग्विन
रात्री दोन वाजता तुम्ही वाचता का मॅन पेज? खरं सांगा.

बॅटमॅन नाही बॅटकॅट
या सगळ्या घोळाचं मूळ तुमचं लाडकं डेबियनच आहे. फाइल शोधणारं एफडी हवं तर पॅकेजचं नाव एफडी-फाइंड आणि कमांड एफडीफाइंड. फाइल दाखवणारं बॅट टाकलं की कमांड होते बॅटकॅट. एफडीक्लोन नावाच्या कुठल्या जुन्या फाइल मॅनेजरने ‘एफडी’ आधी घेतलंय म्हणून आम्ही आयुष्यभर एलियस (कमांडची टोपणनावं) लिहायचे? जगभरच्या ट्यूटोरियलमध्ये एक नाव आणि तुमच्याकडे दुसरं. आमच्याकडे नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात हेच समजावत बसतो.

डेबियनदास
आधी आला त्याचं नाव. सोपं आहे. उद्या कुणी माझ्या घरावर आपली पाटी लावली तर मी माझी काढायची का?

बॅटमॅन नाही बॅटकॅट
घरात कुणी राहतंय का ते तरी बघा! नोडचं आठवतं का? 2012 मध्ये प्रकरण डेबियनच्या तंत्र समितीपर्यंत गेलं. जावास्क्रिप्टवाल्या नोडला (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामला) ‘नोडजेएस’ म्हणायचं आणि नुसतं ‘नोड’ टाइप करता यावं म्हणून नोडजेएस-लेगसी नावाचं वेगळं पॅकेज. एका सिमलिंकसाठी (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नावासाठी) एक पॅकेज! कशासाठी? चार हॅम (हौशी) रेडिओवाल्यांच्या कुठल्या प्रोग्रामसाठी.

कोकणी अँटेना
त्या चौघांतला एक मी. ‘कुठला प्रोग्राम’ नाही, एएक्स.25 पॅकेट रेडिओचा (रेडिओवरून डेटा पाठवायच्या पद्धतीचा) नोड आहे तो. जावास्क्रिप्टवाला नोड 2009 चा. आमचा त्याच्या कितीतरी आधीचा, आणि तेव्हापासून ‘नोड’ म्हणजे तोच. लोकप्रिय झालात म्हणून दुसऱ्याचं नाव ओढून घ्यायचं? आणि शेवटी बदलावं कुणाला लागलं? आमचं पॅकेज एएक्स25-नोड झालं. तुम्हाला ‘नोड’ मिळालं, आम्हाला शेपूट. वर रडताय तुम्हीच.

बॅटमॅन नाही बॅटकॅट
काका, भावना समजतात, पण

कोकणी अँटेना
काका कुणाला म्हणता? आणि भावना नाहीत या. दुसऱ्याचं चालू असलेलं काम मोडायचं नाही, एवढा साधा शिष्टाचार आहे. वादळात मोबाईलचे टॉवर आडवे झाले की हेच ‘चार हॅमवाले’ आठवतात.

सर्व्हररूम
मंडळी, वादळ, टॉवर, पाटी… विषय ‘डिग’ कुठल्या पॅकेजात हा होता.

फळा आणि कीबोर्ड
माझ्या लॅबमध्ये चाळीस मशीन आणि एकच ओढग्रस्त इंटरनेट. चाळीस पोरांनी एकदम ॲप्ट-फाइल अपडेट केलं की त्या दिवशी तास बंद. मी एकाच मशीनवर इंडेक्स ठेवतो आणि पोरांना तिथे रांगेत पाठवतो. रांगेत उभं राहिल्यावर नाव लक्षात राहतं, असा अनुभव आहे. एका पोराने विचारलं होतं, “सर, डीपीकेजी -एसला एलएसचा पूर्ण पत्ता दिला तरी म्हणतंय असं काही नाही, पण एलएस तर चालतंय!” अर्धा तास खपलो. आता कमांड ठेवायचे बिन आणि युएसआर-बिन हे दोन फोल्डर एकच झालेत. शेल पत्ता सांगायचं युएसआर-बिनचा आणि डेबियन 12 पर्यंत डीपीकेजीच्या वहीत नोंद होती जुन्या बिनची. दास, तुमच्या सातबाऱ्यावरही मयताचं नाव राहतंच की.

डेबियनदास
ते मान्य. पण ती चूक वहीची आहे, वही बघण्याची नाही. आणि पेंग्विनराव, तुमचंही थोडं मान्य: कमांड कुठल्या पॅकेजात आहे हे इंडेक्स सांगतो, ती तुम्हाला हवी तीच आहे का हे नाही. हवं तर ‘थोडं’ काढून टाका.

चावडीवरचा पेंग्विन
काढलं.

निशाचर
लेखातली ओळ बदलली. आता ‘आधी डिस्ट्रोच्या इंडेक्सला विचारा, मग मॅन पेजची पहिली दोन वाक्यं वाचा, तरी नाही कळलं तर गूगल’ असं आहे. ‘चिकटवा’ काढलं. दासांचे आभार मानलेले नाहीत.

डेबियनदास
मानू नका. पण खाली ‘इफकॉन्फिग’ (नेटवर्क बघायची जुनी कमांड) अजून तसंच आहे. ते ज्यात येतं ते नेट-टूल्स डेबियन 9 पासून, म्हणजे 2017 पासून, आपोआप येत नाही. त्याऐवजी ‘आयपी’ लिहा.

निशाचर
इफकॉन्फिगला हात लावणार नाही.

कोकणी अँटेना
लावू नका. एएक्स.25 चे पोर्ट अजून त्यानेच बघतो मी.