लोखंड नसलेली ‘लोहविद्युत’

भाचीच्या एम.एस्सी. प्रकल्पाचा मराठी गोषवारा करून देतो म्हणालो नि फसलो. विषय: पेरोव्स्काइट (एक ठरावीक स्फटिकरचना) असलेल्या सिरॅमिकचे डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या पदार्थाचे विद्युतक्षेत्रातले) आणि चुंबकीय गुणधर्म. पदार्थ बिस्मथ फेराइट. डायइलेक्ट्रिकला कुठे ‘अपारक’ दिसतं, कुठे ‘परावैद्युत’. फेरोइलेक्ट्रिकला ‘लोहविद्युत’. नाशकातल्या जाणकारांनी सांगावं, काय लिहू?

सातपूरकर: आमच्या शेडमध्ये यातला एकही शब्द कानावर पडत नाही. ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासताना दोन गोळ्यांत अडीच मिलिमीटर अंतर ठेवतो, व्होल्टेज चढवत नेतो, चट्कन ठिणगी पडते. मग प्रश्न एकच, “बीडीव्ही (ब्रेकडाउन व्होल्टेज, म्हणजे ठिणगी पडली ते व्होल्टेज) किती आलं?” तेल वीज अडवतं, म्हणून मला तरी ‘अपारक’ बरोबर वाटतो.

कॉलेजरोड: काका, अर्धंच बरोबर. करंट पार जात नाही, पण विद्युतक्षेत्र आरपार जातं. शास्त्रज्ञ फॅरेडेला ‘डायइलेक्ट्रिक’ हा शब्द विल्यम ह्यूएल या विद्वानाने घडवून दिला, ग्रीक ‘डाय’ म्हणजे आरपार यावरून. म्हणजे आपण नेमकं उलट नाव ठेवलं! शिवाय अडवणं ही यातली दुय्यम गोष्ट. बेरियम टायटनेट या दुसऱ्या पेरोव्स्काइटमध्ये ऑक्सिजनच्या सहा अणूंच्या पिंजऱ्यात मधोमध टायटॅनियम असतो. सुमारे 120 अंश सेल्सिअसच्या खाली तो किंचित एका बाजूला सरकतो. त्या सरकण्यातूनच सगळी करामत. हवेचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (वीज साठवायला पदार्थ किती मदत करतो त्याचं माप) 1 धरा, पाण्याचा 80च्या आसपास, याचा हजारांत. म्हणून तर मोबाइलच्या बोर्डावर खसखशीएवढे कॅपॅसिटर मावतात.

सातपूरकर: मान्य. पण मग ‘लोहविद्युत’? त्यात लोखंड कुठे आहे?

कॉलेजरोड: नाहीच. 1920 साली वालासेक या भौतिकशास्त्रज्ञाला हा गुण सापडला तो रोशेल मीठ नावाच्या क्षारात. विद्युतक्षेत्र काढलं तरी ध्रुवण (धन-ऋण भारांचं एकमेकांपासून सरकणं) मागे राहतं, लोहचुंबकासारखं. तेवढ्या साम्यावर ‘फेरो’ चिकटलं, आपण त्याचं इमानदारीने ‘लोह’ केलं.

मी: पण भाचीच्या पदार्थात लोह आहे की!

कॉलेजरोड: तीच तर गंमत. बिस्मथ फेराइटमधली ‘लोहविद्युत’ मुख्यतः बिस्मथमुळे. लोहामुळे येतं ते चुंबकत्व, तेही प्रतिलोहचुंबकीय: शेजारचे अणू एकमेकांविरुद्ध तोंड करून बसतात, आणि चूर्ण चुंबकाला चिकटत नाही. सुमारे 370 अंशांवर ती शिस्त मोडते. विजेची मात्र 830च्या आसपासपर्यंत टिकते.

सातपूरकर: आणि ‘मृत्तिका’ म्हणू नका हो सिरॅमिकला. मातीचा कण नसतो त्यात. ऑक्साइडांची पूड दाबून टिकली पाडायची, भट्टीत भाजायची, दोन्ही अंगांना चांदीचा लेप. कुंभार हसतील.

मी: ठरलं. डायइलेक्ट्रिक, फेरोइलेक्ट्रिक, सिरॅमिक तसेच ठेवतो. ‘ध्रुवण’ आणि ‘प्रतिलोहचुंबकीय’ मराठीत.

(रात्री भर घालतोय: भाचीचा निरोप आला. “मामा, सरांना लोहविद्युतच हवंय.”)